सत्तरीच्या डोंगरातली गोल वाट : चौदा जणांचा एक दिवस

खिंडीत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. डिसेंबरचा पहिला रविवार होता. आम्ही चौदा जण होतो आणि पुढची निम्मी वाट आमच्यापैकी कुणीही पाहिलेली नव्हती. सोबत आलेले गावातले काका कातळावर टेकले, उन्हाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाय, फाटीं वचूंया. फुडें काळोख जातलो." म्हणजे मागे फिरूया, पुढे काळोख होईल.

मी म्हटलं, "काका, आता पुढे उतारच आहे ना?"

ते काही बोलले नाहीत. कोयता कमरेला अडकवला आणि उठले. खाली गाडीपाशी आलो तेव्हा पावणेआठ झाले होते. चौदा जणांत चार बॅटऱ्या, त्यातली एक मोबाइलची. कुणाला इजा झाली नाही, पण ती आमची हुशारी नव्हती. त्यानंतरही दर हिवाळ्यात मी दोन-तीन गट घेऊन गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरात जाते. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं त्या खिंडीत शिकलेलं आहे.

वाट नेमकी कुठली आणि गाव कुठलं, ते मुद्दाम देत नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी गावच्या मांडावर, म्हणजे सगळ्यांच्या पटांगणावर, चाळीस गाड्या उभ्या राहतात. वाळपईच्या पलीकडे, चोर्ला घाटाच्या बाजूला अशा चार-पाच वाटा आहेत. माझी वाट साधारण १५ किलोमीटरची, चढ सगळा मिळून साडेसातशे मीटरचा. गोवा म्हणजे समुद्र असं मानणाऱ्यांना हा आकडा खोटा वाटतो. पण याच तालुक्यात राज्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगड आहे, आणि ते हजार मीटरच्या वर आहे.

गोल वाट म्हणजे काय दुखणं

ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतायचं असेल तर हिशेब सोपा असतो. येताना कुठे निसरडं आहे, कुठे पाणी आहे, हे जाताना पाहिलेलं असतं. पाय दुखले की मागे फिरायचं. गोल वाटेत सोय अशी की गाडी सुरुवातीलाच परत भेटते आणि डोंगर चारी बाजूंनी दिसतो. गैरसोय अशी की अर्ध्यानंतर प्रत्येक पाऊल नवीन, आणि एका ठिकाणानंतर मागे जाणं पुढे जाण्यापेक्षा लांबचं होतं. ते ठिकाण नकाशावर शोधून घरीच त्यावर टिंब करायचं. बहुतेक वेळा ती खिंड असते किंवा डोंगराच्या धारेचा शेवट. तिथे किती वाजेपर्यंत पोचलो तर पुढे जायचं आणि नाही पोचलो तर मागे फिरायचं, ही वेळ आदल्या रात्रीच लिहून ठेवायची आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. माझ्या वाटेवर ती साडेबारा आहे. खिंडीत उभं राहून ठरवायला गेलात तर चौदातले बारा जण "पुढे" म्हणणार. समोर नवं खोरं दिसत असतं, मागे नुकताच चढलेला चढ असतो. माणूस तिथे विचार करत नाही, पाय ढकलतो.

दुसरी गोष्ट दिशेची. नेहमी खड्या बाजूने चढायचं आणि सौम्य बाजूने उतरायचं. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, चढताना हात टेकता येतात, उतरताना गुडघे आणि नशीब एवढंच असतं. ओहोळ ओलांडायचा असेल तर तो सकाळच्या बाजूला येईल असं बघा. संध्याकाळी थकलेल्या पायांनी शेवाळलेल्या दगडांवरून जाणं म्हणजे पडण्याला आमंत्रण.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला : ताशी ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. या नियमाने माझी वाट सव्वाचार तासांत संपायला हवी. ती कधीच संपलेली नाही. त्याच्या डोंगरावर कारवीची दाट झुडपं नव्हती, दमट हवा नव्हती आणि प्रत्येक फुलाचा फोटो काढणारी माणसं नव्हती.

बारा जणांच्या गटासाठी मी ताशी अडीच किलोमीटर धरते आणि दर ४०० मीटर चढाला एक तास. म्हणजे १५ किलोमीटरचे सहा तास, चढाचे जवळजवळ दोन. जेवण आणि थांबे मिळून सव्वा तास. एकूण सव्वानऊ. सकाळी पावणेसातला चालायला सुरुवात केली तर चार वाजता खाली. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दाट जंगलात त्याच्या अर्धा तास आधीच पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणजे हातात दीड तास शिल्लक राहतो. त्या दीड तासात मुरगळलेला पाय, चुकलेली वाट, हरवलेला चष्मा हे सगळं बसवायचं असतं.

त्या रविवारी आम्ही निघालो आठ वाजून दहा मिनिटांनी. एक गाडी उशिरा आली, मग वाळपईत भाजी-पाव, मग आणखी एक भाजी-पाव, त्यावर मिरची भजी. सव्वानऊ तास आठ-दहात मिळवा. हा हिशेब कुणीही नाश्त्याच्या टेबलावर करू शकलं असतं. आता आम्ही नाश्ता बांधून नेतो आणि पहिल्या तासानंतर डोंगरात खातो.

महिना

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरअखेर, हा माझा काळ. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत, जळवा जिवंत आणि दुपारनंतर मळभ भरून गडगडाट. धारेवर असताना गडगड ऐकू आली की धार सोडून खाली यायचं, माथा किती जवळ आला आहे हे बघत बसायचं नाही. जानेवारीत हवा छान असते, पण गोचिडांचा हंगाम सुरू झालेला असतो. त्याबद्दल पुढे. फेब्रुवारीनंतर ओहोळ आटतात, पाणी सगळं पाठीवर न्यावं लागतं, आणि मार्चमध्ये वणवे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेल्या आगी विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली होती. काडेपेटी, स्टोव्ह, सिगरेट यांपैकी काहीही या वाटेवर येत नाही. चहा खाली आल्यावर.

पावसाळ्यात गोल वाट करू नका. लहान ओहोळही डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाने अर्ध्या तासात अंगावर येतो, आणि गोल वाटेत तो तुमच्या आणि गाडीच्या मधोमध असू शकतो. २०२३ च्या जुलैत एकाच रविवारी सत्तरीतल्याच पालीच्या धबधब्यावर पाणी चढून शंभरावर माणसं पलीकडे अडकली आणि तिकडे दक्षिण गोव्यात नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले. त्यानंतर अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी आली. बंदीवर चिडणारे पुष्कळ भेटतात. अडकलेल्यांना दोर टाकून काढणारी माणसं गावातली आणि अग्निशमन दलाची होती, त्यांना कुणी विचारत नाही.

परवानगी आणि वाटाड्या

सत्तरीतला बराचसा डोंगर म्हादई अभयारण्यात येतो. १९९९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत जायला वनखात्याची परवानगी लागते. आधी काही दिवस वाळपईला जाऊन गटातल्या सगळ्यांची नावं, तारीख, गाड्यांचे क्रमांक आणि वाट लेखी द्या, आणि कुठली वाट त्या महिन्यात उघडी आहे ते तिथेच विचारा. नियम बदलत असतात, मागच्या वर्षी मिळाली म्हणून यंदा मिळेल असं नाही. वनखात्याचे लोक कडक का, तर २०२० च्या जानेवारीत इथेच, गोळावलीत, एक पट्टेरी वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला तर त्यापुढे नाचू नका आणि त्याला हातही लावू नका.

वाटाड्या गावातलाच घ्या. नकाशावरची वाट आणि जमिनीवरची वाट यांच्यात गुरं असतात. गुरं चरायला फिरतात तिथे ढोरवाटा पडतात. त्या पायवाटेपेक्षा रुंद, मळलेल्या आणि मोहक असतात, आणि कुठल्याशा कुरणात जाऊन संपतात. मी तीनदा फसले आहे. बोलताना प्रश्न नीट विचारा. "वाट आहे का?" याला उत्तर नेहमी "आसा मगो" (आहे ना) असंच येतं. त्याऐवजी विचारा : तुम्ही शेवटचे कधी गेलात? त्या बाजूने गुरं उतरतात का? या महिन्यात पाणी कुठपर्यंत असतं? गुरं उतरत असतील तर तुमचा गट उतरेल. "माकडं उतरतात" असं उत्तर आलं तर दुसरी वाट बघा. अंतराबद्दल मात्र विचारू नका. गावातल्या माणसाची दहा मिनिटं म्हणजे आपला पाऊण तास.

पैसे आधी ठरवा आणि तो दिवसभर शेतावर किंवा बागायतीत जे कमावतो त्याहून जास्त द्या. आणि तो "फाटीं" म्हणाला की फाटीं. हा नियम मी लिहून ठेवला आहे, कारण काकांपुढे पुन्हा तसं उभं राहायचं नाही.

माणसं

आठ ते बारा. त्याहून जास्त झाले तर दोन गट करा, दोन्हींना स्वतंत्र वाटाड्या. आठपेक्षा कमी नको, कारण एखाद्याला झोळीत घालून उतरवायची वेळ आली तर आळीपाळीने उचलायला तेवढे खांदे लागतात.

नवख्याला घ्यायचं की नाही हे मी आदल्या महिन्यात ठरवते. पारोड्याचा चंद्रेश्वर-भूतनाथाचा डोंगर साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. पाठीवर सहा किलो घेऊन एका सकाळी दोनदा वर-खाली करायचं. दुसऱ्या फेरीत बोलता येत असेल तर चालेल. पणजीकरांना तेवढंही लांब वाटतं, त्यांनी पणजीतल्याच आल्तिनो टेकडीचे जिने चढावेत, पण मोजून चढावेत. दमा, हृदयाचा त्रास, मधमाशीची ॲलर्जी, गुडघ्याचं ऑपरेशन हे मला एकटीला खाजगीत सांगायचं. सांगितलं म्हणून कुणाला वगळत नाही. लपवलं आणि वाटेत कळलं तर पुढच्या वेळी नेत नाही.

चालताना आघाडीला वाटाड्या, पिछाडीला सर्वांत अनुभवी माणूस. हे बरेच जण उलट करतात, दमदार माणसाला पुढे धाडतात आणि तो पुढच्या टेकाडावर जाऊन बसतो. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढून दुसरं ठेवा. त्याला शेवटी ठेवलं तर तो दर थांब्याला धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला की बाकीचे विश्रांती संपवून उठतात. त्याला विश्रांती कधीच मिळत नाही. पुढे ठेवलं की गटाचा वेग आपोआप त्याचा होतो, आणि गंमत म्हणजे एकूण वेळ कमी लागतो.

प्रत्येक फाट्यावर थांबून मोजणी. मागचा दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही, हे सगळ्यांसाठी. शिटी प्रत्येकाच्या गळ्यात : एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे इकडे या, तीन म्हणजे संकट. कारवीच्या रानात हाक तीस-चाळीस पावलांवर विरते, शिटी विरत नाही. लघवीला जाणाऱ्याने पाठपिशवी वाटेवर ठेवून जायचं, म्हणजे तो मागे राहिला हे पिछाडीला दिसतं.

पिशवीत काय

पाणी माणशी चार लिटर. हे चार किलो होतं आणि त्यावर सगळे कुरकुरतात. आमच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती गेला ते कळत नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर मीठ कमी पडून डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्या वळतात. म्हणून एका बाटलीत ओआरएस, किंवा घरचं : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मी त्यात सोलांचा, म्हणजे कोकमाचा, आगळ थोडा घालते, चवीला बरं. ओहोळाचं पाणी गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून.

खायला पोळी आणि सुकी उसळ, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, सालदाटी केळी. पोई, म्हणजे गोव्याचा गव्हाचा पाव, टिकते आणि चुरगळत नाही. चिप्स कुणी आणले तर कागद त्याच्याच खिशात. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे, घरी चालवून बघितलेली. पुस्तकी सल्ला वाटेल, पण चार बॅटऱ्यांत चौदा जण उतरवताना प्रत्येक दगडाशी मागे वळून मागच्याच्या पायावर उजेड धरावा लागतो. एक किलोमीटरला आम्हाला तासाच्या वर लागला.

पूर्ण बाह्यांचा फिकट शर्ट, लांब विजार, काठी, पातळ रेनकोट, क्रेप बँडेज, चिमटा, दहा फूट नायलॉनची दोरी, रुंद चिकटपट्टी.

आता बूट. गोव्यातल्या ट्रेकिंगच्या बुटांचं एक खास मरण असतं आणि दुकानदार ते सांगत नाही. वर्षातून दोनदा वापरलेले महागडे बूट कपाटात असतात. वरून नवे कोरे दिसतात. पण तळव्याच्या मधला फोम पॉलियुरेथेनचा असतो, आणि चार-पाच पावसाळ्यांची दमट हवा खाऊन तो आतून विरघळत जातो. वापर नसला तरी, उलट वापर नसला की जास्तच. त्या दिवशी खिंडीच्या खाली तासाभरावर माझ्या मैत्रिणीच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून उघडला. बेडकाने तोंड उघडावं तसा. आतून पिवळट भुगा पडत होता, मिठाईच्या बुंदीसारखा. दहा मिनिटांत पुढचा भागही सुटला आणि अखंड तळ हातात आला. डावा अर्ध्या तासाने गेला. काकांनी रानातली वेल तोडून बांधून बघितली, ती दगडावर घासून तुटली. शेवटी पिशवीचा पट्टा कापला, तळ परत लावला, पट्टा बोटांच्या मागून आणि टाचेच्या पुढून असा दोनदा फिरवला, गाठ बाजूला घेतली, तळाखाली नाही. गाठ तळाखाली आली की पाचशे पावलांत झिजते. तरी दर पाव तासाला थांबून आवळावं लागत होतं.

म्हणून : आठवडाभर आधी बूट काढा. तळ आणि कातडं यांच्या सांध्यात अंगठ्याने दाबा, बूट दुमडा, भुगा पडतो का किंवा भेगा दिसतात का बघा. मग ते घालून दोन दिवस रस्त्यावर चाला. मरायचे असतील तर पर्वरीच्या फुटपाथवर मरू देत.

नकाशा आणि फोन

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांत (सारखी उंची दाखवणाऱ्या रेषांत) वीस मीटर. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे कडा आहे, फोनवरची सरळ निळी रेघ काहीही म्हणो. फोनमध्ये तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. रेंज बहुतेक ठिकाणी जाते, आणि रेंज शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत मरतो. विमान मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतो.

गावात एक आणि पणजीत किंवा घरी एक अशा दोन माणसांना वाट, खिंडीची वेळ आणि "संध्याकाळी सातपर्यंत फोन नाही आला तर ११२ ला कळवा" हे लिहून द्या. तोंडी सांगितलेलं घरचे विसरतात.

वाटेवर

पहिला तास मुद्दाम हळू. गप्पा मारता येतील इतपत. मग दर पन्नास मिनिटांनी पाच मिनिटं थांबा, आणि जेवणाचा एकच मोठा थांबा, तोही खिंडीच्या पलीकडे. जेवून चढ चढवत नाही.

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, सकाळी दव असतं आणि काळं शेवाळ वाळल्यासारखं दिसतं, पण तसं नसतं. डिसेंबरात उतारावर सुक्या पानांचा थर असतो, त्याखाली मुरूम. टाच रोवून चालाल तर बसाल. पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, तळवा सपाट, उतार जास्त असेल तर आडवं व्हा. नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, घसारा असेल तर एकमेकांच्या अगदी जवळून उतरा. सुटलेला दगड दोन हात गेला तर पायाला लागतो, वीस हात गेला तर डोकं फोडतो. अंतर ठेवायचंच असेल तर एक जण पूर्ण खाली जाऊन बाजूला झाल्यावरच दुसरा. दगड सुटला की "दगड!" असं ओरडायचं, "सॉरी" नंतर. दोर लावल्याशिवाय उतरता येणार नाही अशी जागा लागली तर ती वाट तुमच्या गटाची नाही.

ओहोळ ओलांडताना पिशवीचा कमरपट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे, काठी तिसरा पाय. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर नाही. डोहात पोहायला उतरायचं नाही, कितीही निळा दिसला तरी.

वाटेत देवराई लागली तर वाटाड्याला विचारा. काही ठिकाणी चपला-बूट काढून जातात, काही ठिकाणी बायकांना जाऊ देत नाहीत. मला ते पटत नाही, पण मी तिथे पाहुणी असते, म्हणून वळसा घालते. बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची दलदल आहे, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. तशी जागा कुणाच्या भीतीमुळे टिकली असेल तर त्या भीतीशी वाद घालायला रविवार पुरत नाही.

जनावरं, मोठी आणि बारीक

लोक वाघाचं विचारतात. वाघ तुम्हाला दिसणार नाही. गवा दिसेल, राज्यप्राणी आहे आमचा. कळप असेल तर थांबा, जाऊ द्या. एकटा जुना नर असेल तर मागे सरा, आणि त्याच्या व उताराच्या मध्ये उभे राहू नका. अस्वलाला अचानक भेटणं वाईट, म्हणून कपारी आणि दाट झुडपांजवळून जाताना साध्या आवाजात बोलत जा. स्पीकरवर गाणी लावायची नाहीत.

आग्या मोहोळं कड्याला काळ्या पोत्यासारखी लोंबतात. त्या पट्ट्यात अत्तर, धूर, आरडाओरडा काही नाही. उठल्याच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून झाडीतून दूर पळत राहा, पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर वाट बघतात. काटा लगेच खरवडून काढा. ॲलर्जी असलेल्याने डॉक्टरांना विचारून ॲड्रिनलिन जवळ ठेवावं.

साप चावला तर पट्टा आवळणं, चिरणं, चोखणं काही नाही. अंगठ्या-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर करा, वेळ लिहा आणि चालवू नका, उचला. रेंज मिळाली की १०८. वाळपईच्या सरकारी इस्पितळात आणि तिथून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांवर बनतं. झाडावरचा हिरवा-तपकिरी चापडा हा विषारी साप त्यात नाही. म्हणून फांदीला हात लावण्याआधी फांदी बघा.

पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज आली की परत चढत नाही. बुटावरूनच इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बँडेज. मदतीला कुणाला पाठवायचं असेल तर दोघांना मिळून पाठवा आणि कागदावर लिहून द्या : कोण, काय झालं, किती वाजता, नकाशावर कुठे, किती जण सोबत.

आणि मग गोचीड. सत्तरीत २०१५ साली पाली गावात माकडतापाची साथ आली होती. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली पहिल्यांदा ओळखलेला हा विषाणू. काजूच्या बागायतीत पाला गोळा करणाऱ्यांना तो जास्त लागला. पसरवतात त्या गोचिडांच्या खसखशीएवढ्या पिल्लावळी, साधारण डिसेंबर ते मे. विजार मोज्यांत खोचा, मोज्यांवर डीट (कीटकांना दूर ठेवणारं औषध) असलेलं मलम, बसताना पालापाचोळ्यावर प्लास्टिकचा कागद. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, मागे फिरा, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

खाली आल्यावर

आधी मोजणी, मग फोन, मग चहा. घरच्या माणसाला आणि गावातल्या माणसाला "उतरलो" हे सांगितल्याशिवाय भजी मागवायची नाहीत. वाटाड्याचे पैसे हातात द्या, गाडी सुरू करता करता खिडकीतून नाही.

घरी गेल्यावर कपडे दाराबाहेरच काढून गरम पाण्यात. काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे, केसांत नीट बघा, एकटे असाल तर आरसा घ्या. गोचीड चिकटलेला असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका, काडी लावू नका, रॉकेल ओतू नका. आणि पुढच्या तीन ते आठ दिवसांत कडक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर "व्हायरल असेल" म्हणून पॅरासिटामॉल घेत घरी बसू नका. डॉक्टरकडे जा आणि ते विचारायच्या आधी सांगा की मी सत्तरीच्या रानात गेले होते.